दोन बोटं खाली

“तू काहीच करायचं नाहीस. माझ्या खांद्यावरून पुढे बघत राहायचं, आणि गाडी जिकडे झुकेल तिकडे आपणही झुकायचं. घाबरून उलट्या अंगाला गेलीस तर दोघंही पडू.”

लग्नानंतर पहिल्यांदा मोटरसायकलवर मागे बसवताना ह्यांनी मला एवढंच सांगितलं, आणि तीस वर्षं मी तेवढंच करत आले. हे पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होते. वर्षातून एकदा दहा दिवसांची रजा मिळायची आणि ती आम्ही त्या उंच, काळ्या, बैलासारख्या गाडीवर काढायचो. दोन बाजूंना दोन पेट्या, वर ताडपत्री, मध्ये मी. लोक विचारायचे, भीती नाही वाटत? वाटायची की. मी मुळातच घाबरट. दाराची बेल वाजली तरी दचकते. पण मागे बसून वाटणारी भीती वेगळी असते. ती पुढच्या माणसाच्या पाठीला टेकवून ठेवता येते.

एकच जागा राहून गेली होती, खिंडीपलीकडचं तळं. तीनदा निघालो, तीनदा परतलो. एकदा रस्त्यावर दरड, एकदा लेकीचा ताप, एकदा खिंडीच्या तोंडाशी इतकं धुकं की गाडीचा दिवा चाकापुढे पोचेना. “तळं काही पळून जात नाही,” हे प्रत्येक वेळी म्हणायचे.

तळं नाही पळालं. ह्यांची नजर पळायला लागली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक मोठा गोल काढला आणि त्याच्या आत एक छोटा. “मधलं चांगलं दिसतंय तुम्हाला. कडा जातायत. हा आतला गोल किती वेगाने लहान होईल ते मी सांगू शकत नाही. थेंब चुकवू नका. आणि गाडी चालवणं आजपासून बंद.”

हे शेजारच्या कुणाबद्दल तरी चाललंय अशी मान हलवत होते. बाहेर पडताना त्यांचा खांदा तिथल्या खांबाला लागला. “माफ करा हं,” असं खांबाला म्हणून ते पुढे चालू लागले.

मला तिथेच भरून आलं. काही विचार करायच्या आत मी बोलून गेले, “अहो, तळ्याला मी नेईन तुम्हाला.”

“कशात?”

“कशावर म्हणा. गाडीवर.”

ते थांबून हसले. “तुझे पाय तरी टेकतात का?”

“टेकतील असं काहीतरी शोधू.”

देवासमोर दिलेला शब्द आणि माणसासमोर दिलेला शब्द यांत मी फरक करत नाही. सकाळी आंघोळ करून दिवा लावायचा, माळ ओढायची, आणि माळ पूर्ण होईपर्यंत तोंडातून एक अक्षर काढायचं नाही, हा माझा अकरा वर्षांचा नेम. दुसऱ्या दिवशी माळेला बसले तर ‘नेईन’ हा शब्द प्रत्येक मण्याला आडवा यायला लागला. माझी उंची चार फूट दहा इंच. पंधरा वर्षं स्कूटर चालवली, ती घर ते कारखाना आणि कारखाना ते घर. आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला असते. तिला फोनवर सांगितलं.

“आई, बाबांचे डोळे गेलेत. तुझं डोकं जायची गरज नाही.”

“अगं, हळू बोल.”

“मी कार घेऊन येते ना. मागे उशी लावून देते, झोपून जा दोघं.”

पण चारचाकीत ह्यांना आता उलटी व्हायची. नजर नळीतून बघितल्यासारखी झालेली, त्यात खिडकीची चौकट सरकायला लागली की डोकं गरगरायचं. मोटरसायकलवर मात्र मित्रामागे बसून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले तर चेहरा उजळलेला. “कडा दिसत नाहीत, पण वारा सांगतो कुठे काय आहे ते,” म्हणाले. आणि तळ्याला बस जात नाही.

पहिला प्रयोग ह्यांच्याच गाडीवर झाला. सुट्टीच्या दिवशी, पंपामागच्या मोकळ्या आवारात. हे शेजारी उभे राहिले, मी आरूढ झाले. आरूढच म्हणते, कारण चढायला मला पाणी मोजायच्या दगडी ओट्याचा आधार घ्यावा लागला. चालायला लागल्यावर गाडी इतकी शहाणी, इतकी हलकी, की मला वाटलं, झालंच की. मग थांबायची वेळ आली.

जड गाडी पडते ती धाडकन पडत नाही. आधी एका अंगाला जराशी कलते, काही विचारल्यासारखी. पाय जमीन शोधत खाली जातो. जमीन जिथे असायला हवी तिथून चार बोटं खाली असते. आणि त्या चार बोटांत अडीचशे किलो हातातून निघून जातात. ओढून धरता येत नाही, विनवता येत नाही. मी बाजूला उडी मारली म्हणून पाय वाचला. ह्यांनी पळत येऊन आधी मला चाचपलं आणि मग गाडीला.

“लागलं का?”

“नाही.”

“मग रडतेस कशाला?”

“रडत नाहीये. घाबरलेय.”

त्या दिवसापासून माझी सगळी भीती थांबण्याच्या त्या शेवटच्या दोन सेकंदांत जाऊन बसली. वळणाची नाही, वेगाची नाही. फक्त थांबण्याची. कारण मागे हे असणार, आणि गाडी कुठल्या अंगाला पडतेय हे त्यांना दिसणार नाही.

मग आम्ही शोरूम पालथी घातली. पहिल्या दुकानातल्या टायवाल्याने मला बघून सरळ स्कूटरच्या ओळीकडे हात केला. “मॅडमसाठी तिकडे रंग छान आहेत.” हे म्हणाले, “मॅडमला रंग नकोत, इंजिन हवंय.” तो हसला, मग आम्ही हसत नाही हे बघून थांबला. दुसरीकडे एक लांबलचक, जमिनीला चिकटलेली गाडी दाखवली. पाय छान टेकले. पण पाय ठेवायची पावडं इतकी पुढे की चालवताना मी आरामखुर्चीतून घसरतेय असं वाटायचं, आणि हँडल धरायला पाठीची कमान करून वाकावं लागायचं. पाच मिनिटांत कंबर बोलायला लागली. तळं दोन दिवसांच्या वाटेवर. तिसऱ्या दुकानातल्या बाईने माहितीपत्रकातला आकडा दाखवला, सीटची उंची बघा किती कमी आहे. मी बसले, तर बोटंसुद्धा टेकेनात. सीट खाली होती पण सोफ्यासारखी रुंद. मांड्या फाकल्या की पाय आखूड होतात, हे मला त्या दिवशी कळलं. ती बाई भली होती. दाराशी येऊन हळूच म्हणाली, “काकू, आकड्यावर जाऊ नका. मी पण तुमच्याएवढीच आहे, मला इथली एकही चालवता येत नाही.”

घरी येताना हे रिक्षात म्हणाले, “राहू दे. मी काय लहान आहे का हट्ट करायला?”

त्यांनी हट्ट केलाच नव्हता. म्हणूनच मला मागे फिरता येत नव्हतं.

ह्यांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला सगळे वकील म्हणतात. प्रश्नाला उत्तर न देता उलट प्रश्न विचारतो म्हणून. त्याच्याकडे गेलो तेव्हा तो एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता.

“मला झेपेल अशी जड गाडी मिळेल का?” मी विचारलं.

“वहिनी, भरलेली बादली उचलता?”

“उचलते.”

“आणि तीच डोक्यावर ठेवून एका पायावर उभं राहायला सांगितलं तर?”

“मान मोडेल.”

“मग तुम्हाला वजनाची भीती वाटते की उंचीची?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, “बघ, इतकी वर्षं मला हे सुचलं नाही. मला कधी गरजच पडली नाही.”

वकिलाने मागच्या कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. राखाडी रंगाची जुनी गाडी. इंजिन उभं नव्हतं, आडवं होतं, दोन्ही अंगांना खाली कान बाहेर काढल्यासारखं. तेलाची टाकी खाली, पेट्या खाली, सगळं वजन चाकांच्या मध्ये बसकण मारून बसलेलं. एका बुटक्या पोस्टमास्तरांची होती म्हणे, त्यांनी सांभाळून ठेवलेली. मी बसले. अंगाखाली गाडी डावी-उजवी हलवून बघितली. वजन होतं, काळ्या गाडीपेक्षा जास्तच होतं, पण ते माझ्या डोक्यावर नव्हतं. ते माझ्या घोट्यांपाशी होतं. हँडल कोपर वाकवून धरता येत होतं, पावडं गुडघ्याखाली. फक्त पायांची बोटंच टेकत होती.

“जाईल पुढच्या महिन्यात दुसरीकडे,” वकील म्हणाला. “घेताय?”

मी सीट दाबून बघितली. गाड्यांच्या सीटा शिवणं हा माझा धंदा. बसच्या, कारच्या, ट्रॅक्टरच्या. फोम कापायचा, रेक्झिन ताणायचं, शिवण मारायची. कारखान्यात मला पावशेर म्हणतात, पण फोम कापायला जड हात लागतो तेव्हा पावशेरलाच बोलावतात. ह्या सीटची पुढची दोन टोकं उगाचच फुगलेली होती. पोस्टमास्तरांना त्याने मांडीला आराम मिळाला असेल, मला ती आडवी येत होती.

“घेते. आधी सीट काढून द्या,” मी म्हणाले. “बाकी राहू दे.”

सीट मी कारखान्यात नेली. खडूने रेघ मारली, पुढची टोकं तासून गोल केली, मधला फोम काढून घट्ट भरला, म्हणजे बसल्यावर खचू नये. मागची, ह्यांची जागा होती तशी ठेवली, उलट पाठीला टेकू मिळेल असा उंचवटा दिला. शिवण मांडीला घासू नये म्हणून बाहेरच्या अंगाला घेतली. चांभाराकडून बुटांना जाड तळवे लावून घेतले. इतकं करून पाय टेकले. पंजे पूर्ण टेकले. टाचा दोन बोटं वर राहिल्या.

त्या दोन बोटांनी माझा जीव खाल्ला.

दोन महिने रोज सकाळी, रस्ते रिकामे असताना, आधी मी एकटी, मग मागे ह्यांना घेऊन. परवान्याची परीक्षा दिली. परीक्षा घेणारा माझ्याकडे, मग गाडीकडे, मग परत माझ्याकडे बघून म्हणाला, “आजी, खात्री आहे ना?” मी आजी झालेली नाही, पण वाद घातला नाही. पास झाले. वकिलाने शिकवलं की थांबताना शेवटी पुढचा ब्रेक दाबायचा नाही, मागच्यावर यायचं, हँडल सरळ झाल्याशिवाय पाय सोडायचा नाही. मी सगळं तसंच करायचे. तरी लांबून लाल दिवा दिसला की मी श्वास रोखून धरायचे. समोरचा ट्रक थांबायला लागला की चार गाड्यांचं अंतर आधीच ठेवायचे. थांबल्यावर टाचा हवेत आणि मी बोटांवर उभी, मागे त्यांचं वजन, आणि मनात एकच, आता वारा आला तर, आता कुणी धक्का दिला तर, आता ह्यांनी मान वळवली तर.

खिंड थंडीत बंद होते. बंद व्हायला महिना उरला तेव्हा मी म्हणाले, “ह्या वर्षी नको. पुढच्या हंगामात जाऊ. तोवर हात बसेल.”

“जाऊ की,” हे म्हणाले. “घाई काय आहे? डोळे तसे बरे आहेत. थेंब चालू आहेतच.”

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, अंगावरून ओझं उतरलं. त्या रात्री मला शांत झोप लागली, आणि सकाळी माळेवर बसल्यावर ती झोप आठवून लाज वाटली.

त्याच आठवड्यात हे घडलं.

मी माळ घेऊन खिडकीपाशी बसले होते. अर्धी झाली असेल. खिडकीतून अंगण दिसतं. गाडी अंगणात उभी, आणि तिच्या उजव्या अंगाला हे उकिडवे बसून फडक्याने इंजिन पुसत होते. साइड स्टँड गाडीच्या डाव्या अंगाला असतो, गाडी नेहमी त्याच्यावर डावीकडे रेलून उभी राहते, दाराला रेलल्यासारखी. मी मणी ओढत बघत होते आणि काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. काय ते कळेना. मग कळलं. गाडी रेललेली नव्हती. ती सरळ उभी होती. अगदी सरळ, शाळेतल्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी. आणि ह्यांनी इंजिन पुसताना जोर लावला की ती किंचित डोलत होती.

माझ्या हातात माळ होती. तोंडात नाव होतं. अकरा वर्षांत त्या वेळी मी शब्द काढला नव्हता, सासूबाई गेल्याचा फोन आला तेव्हाही नाही.

गाडी उजवीकडे कलायला लागली.

“मागे व्हा!”

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. शेजारच्या घराची खिडकी उघडली. हे मागे सरकले, पण कुठल्या बाजूने येतंय ते न कळून, हात पुढे धरून, मागच्या मागे बसकन बसले. गाडी त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावर आडवी झाली. आरसा फुटला. पडता पडता एका पायाच्या नडगीवर पावडं घासून गेलं.

मी अंगणात कशी पोचले ते आठवत नाही. त्यांचा पाय हातात घेतला, दाबून बघितला, हाड धड होतं, कातडं सोललं होतं.

“तुझा नेम मोडला,” ते म्हणाले.

“मोडू दे. काय केलंत तुम्ही गाडीला?”

ते मग खाली बघत म्हणाले, “काल तू कामावर गेलीस तेव्हा मागच्या शॉकअपच्या पट्ट्या बदलल्या. पुढचे फोर्क वर सरकवले. गाडी दोन बोटं खाली आणली. म्हटलं तुझ्या टाचा टेकतील. दिवा लाल झाला की तू श्वास रोखतेस ते मला मागे कळतं.”

हे काम त्यांना नवीन नव्हतं. रविवारी अर्ध्या गावाच्या गाड्या आमच्या अंगणात असायच्या, कुणाची वर कर, कुणाची खाली. आणि गाडी खाली आणली की साइड स्टँडही तेवढाच कापून आखूड करावा लागतो, हे त्यांनीच कितीजणांना ओरडून सांगितलेलं मी ऐकलं होतं. स्टँड लांब राहिला तर गाडी रेलत नाही, सरळ उभी राहते आणि हात लागला की पलीकडे जाते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी हे सांगितलं असतं.

“अहो, ती सरळ उभी होती. मला खिडकीतून दिसत होतं. तुम्हाला शेजारी बसून नाही दिसलं?”

ते आपल्या हातातलं फडकं घडी करत राहिले.

“सगळी गाडी एकदम दिसत नाही आता,” ते म्हणाले. “एक नट दिसतो, छान दिसतो. मग दुसरा. सरळ आहे की तिरकी, ते दोन्ही टोकं एकदम दिसल्याशिवाय कसं कळणार?”

“केव्हापासून?”

“झाले दोन-तीन महिने.”

“मला तर म्हणालात, बरे आहेत.”

“तू म्हणालीस पुढच्या हंगामात. मी काय म्हणायचं होतं? तुझे हात थरथरतात ते दिसतात ना मला, ते नजरेच्या मधेच असतात.”

मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, अगदी नीट, दुकानात नाणं खरं की खोटं बघतात तसं.

“तुझं तोंड दिसतं,” ते म्हणाले. “कान नाही दिसत.”

त्यानंतर कितीतरी वेळ आम्ही पडलेल्या गाडीशेजारी बसून होतो. शेजारीण कुंपणावरून डोकावून विचारत होती, मदत हवी का, आणि मी हात हलवून नको म्हणत होते. मला कळत होतं की आम्ही दोघांनी मिळून हे केलंय. मी भीतीपायी दिवस पुढे ढकलले आणि त्यांनी माझी भीती बघून ते ढकलू दिले. दोघंही एकमेकांना सांभाळत होतो. पुढच्या हंगामात त्या आतल्या गोलात तळं मावेल की नाही, कुणाला ठाऊक. कदाचित एक लाट मावेल. कदाचित तीही नाही.

मी पाठ टेकवून, गुडघे वाकवून, वकिलाने शिकवल्याप्रमाणे गाडी उचलली. हात लावायला हे पुढे आले तेव्हा मी म्हणाले, “तुम्ही नुसतं मोजा. एक, दोन, तीन.” त्यांनी मोजलं. तिसऱ्याला गाडी उठली.

वकिलाने दुपारी येऊन सगळं तपासलं. पट्ट्या, फोर्क, ब्रेकच्या नळ्या, एकेक नट हाताने आणि मग पान्याने. स्टँड कापून, वेल्डिंग करून, दोन बोटं आखूड केला. आरसा बदलला. हे आत चहा करायला गेले तेव्हा त्याने मला हळू आवाजात विचारलं, “वहिनी, काम एकदम चोख आहे, फक्त स्टँड तेवढा राहिला. हे अंधारात केलं होतं का?”

“नाही,” मी म्हणाले. “भर दुपारी.”

तो पुढे काही विचारेल म्हणून मी थांबले. त्याने काहीच विचारलं नाही. हत्यारं पुसून पेटीत ठेवली आणि चहा न घेताच निघाला. दाराशी वळून एवढंच म्हणाला, “खिंडीत पहाटे निसरडं असतं. दहाच्या आधी चढू नका.”

संध्याकाळी मी गाडीवर बसले. दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. इतके दिवस मला वाटत होतं की टाचा लागल्या की भीती जाईल. गेली नाही. ती तशीच होती. फक्त आता तिला टाचांचं कारण देता येत नव्हतं.

लेकीला फोन केला.

“परवा निघतोय,” मी म्हणाले.

“आई, तू तर पुढच्या वर्षी म्हणाली होतीस.”

“हो. म्हणाले होते.”

“तुला भीती नाही वाटत?”

“वाटते गं. खूप वाटते.”

ती मग म्हणाली, “प्रत्येक ठिकाणी थांबलात की फोन कर. आणि बाबांना सांग, मागे बसून शिकवायला लागले तर मी बोलणार नाही त्यांच्याशी.”

“शिकवतो कशाला? ती थांबेल तिथे मी थांबणार,” फोनमधलं ऐकून हे मागून म्हणाले.

निघायच्या सकाळी मी नेहमीपेक्षाही लवकर उठले. दिवा लावला. माळ ओढली, शेवटच्या मण्यापर्यंत, एक अक्षर न बोलता. नेम मोडल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं म्हटलं तर हा माझा दुसरा दिवस. मग ह्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि ते आत मुरेपर्यंत त्यांची हनुवटी धरून उभी राहिले.

पेट्या आदल्या दिवशीच भरल्या होत्या. मी फाटक उघडलं. आमची गल्ली उताराची आहे, आणि गल्लीतली सगळी घरं अजून झोपलेली होती. गाडी सुरू केली नाही. बसले, हँडल सरळ केलं, स्टँड वर घेतला, दोन्ही पाय जमिनीवर पसरून टेकवले.

“बसा,” मी म्हणाले.

हे माझ्या खांद्याला धरून चढले. पाय पावड्यावर ठेवायला त्यांना दोनदा शोधावं लागलं. मी थांबले. माझ्या खाली सगळं वजन एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हललं आणि स्थिर झालं.

“बसलात?”

“बसलो.”

“नीट?”

“नीट.”

मी ब्रेक सोडला. गाडी आवाज न करता उतरायला लागली. दोन्ही पाय मी जमिनीपासून वीतभर वर धरले होते, लगेच टेकवता येतील असे. शेजारणीचं दार गेलं, नळ गेला, दिव्याचा खांब गेला. खाली कोपऱ्यावर मोठा रस्ता होता आणि तिथला दिवा लाल होता. मी पाय पावड्यांवर घेतले आणि त्याच्याकडे जाऊ लागले.